घरावर सोलर बसवताय? कोटेशन मागवायच्या आधी स्वतः गच्चीवर चढा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात परत मांडतो. कराडजवळ तुमचं बैठं आरसीसी घर, स्लॅब चौदा वर्षांचा, महिन्याला सरासरी २७०-२८० युनिट जळतात, एप्रिल-मेमध्ये एसी चालू झाला की ४०० च्या वर जातात, बिल एरवी तीन हजाराच्या आसपास. लाईटबिल अजून वडिलांच्या नावावर आणि वडील जाऊन तीन वर्षं झाली. तीन कोटेशन आलीत. पहिलं १ लाख ४५ हजार, ३ किलोवॅट, व्हॉट्सॲपवर आलेलं, घर न बघता. दुसरं १ लाख ८८ हजार, ३ किलोवॅट, माणूस येऊन गच्ची बघून गेला. तिसरं २ लाख ९० हजार, ५ किलोवॅट, "मोठंच लावा मॅडम, उरलेले युनिट विकून पैसे मिळतील" असं सांगून. आणि तुम्ही विचारलंय की कुठल्या कंपनीचे पॅनेल चांगले आणि यातलं कुठलं घेऊ.

मी बारा वर्षं सातारा-सांगली भागात हेच काम करतोय, त्याआधी घरांचं वायरिंग करायचो. पॅनेलच्या कंपनीबद्दल शेवटी दोन ओळी लिहितो कारण ताई, खरंच तेवढंच महत्त्व आहे त्याला. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या सिस्टीममध्ये पॅनेल स्वतःहून बिघडलेला फार क्वचित दिसतो, बिघडलेलं असतं ते कनेक्टर, अर्थिंग, गंजलेलं स्ट्रक्चर (पॅनेल ज्यावर बसतात तो लोखंडी सांगाडा), चुकीच्या जागी टांगलेला इन्व्हर्टर (पॅनेलच्या डीसी करंटचा घरात चालणारा एसी करंट करणारी पेटी), म्हणजे सगळं माणसाच्या हातचं काम. त्यामुळे पॅनेल निवडण्यापेक्षा माणूस निवडायचाय तुम्हाला, आणि तो ओळखायचा असेल तर आधी तुमचं घर तुम्हाला माहीत पाहिजे.

सगळ्यात आधी, म्हणजे पुढचं वाचायच्याही आधी, लाईटबिलावरचं नाव. ही गोष्ट लोक शेवटी करतात आणि सबसिडी तिथेच अडकते. घरावरच्या सोलरला सबसिडी देणारी केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना आहे, तिच्यात अर्ज होतो तो ग्राहक क्रमांकावर, महावितरणचा बारा आकडी असतो तो, आणि सबसिडी येते ती अर्जदाराच्या बँक खात्यात. बिलावर वडिलांचं नाव, आधार तुमचं, पासबुक तुमचं, असं झालं की पोर्टलवर कुठेतरी गाडी थांबते. नाव बदलायचा अर्ज महावितरणच्या वेबसाईटवरून किंवा ॲपवरून करता येतो. मृत्यूचा दाखला, घर तुमच्याकडे आलं याचा कागद आणि बाकी वारसांची संमती एवढं तयार ठेवा. भाऊ-बहीण बाहेरगावी असतील तर सह्यांनाच महिना जातो, म्हणून म्हणतो की कोटेशनचं नंतर बघू, हा अर्ज आधी. जुनी थकबाकी असेल तर तीही भरून टाका. तुमचं नाव आधारवर, पासबुकवर आणि बिलावर एकसारखं आहे का तेही बघा, लग्नाआधीचं-नंतरचं आडनाव असा घोळ फार घरांत असतो.

दुसरं काम, मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा. एका महिन्याचं बिल बघून साईज ठरवणारा माणूस तुमचं नुकसानच करणार. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतोच, तो कागदावर उतरवून घ्या आणि बेरीज करून बाराने भागा. आपल्याकडे १ किलोवॅट सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं, म्हणजे महिन्याला १२०. पण ही सरासरी आहे हां. मार्च-एप्रिलमध्ये त्याहून जास्त मिळतात आणि जुलै-ऑगस्टच्या झडीत निम्म्यावर येतात, कोयनेच्या बाजूला घर असेल तर त्याहूनही खाली. तुमचा सरासरी वापर उन्हाळा धरून ३०० पर्यंत जात असेल तर ३ किलोवॅट, म्हणजे महिन्याला साधारण ३६० युनिट, हे तुम्हाला पुरून थोडं उरतं. अडीचवरही भागलं असतं, पण एसी वाढतोय, उद्या इलेक्ट्रिक स्कूटर येईल, आणि सबसिडीचं गणितही ३ वरच येऊन थांबतं.

ते गणित सांगतो. पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, एकूण ७८ हजार. त्याच्यावर तुम्ही ५ लावा की १० लावा, सबसिडी ७८ हजारच. म्हणजे तिसरं कोटेशन जे आहे त्यात वरच्या २ किलोवॅटचा पूर्ण पैसा तुमच्या खिशातून. आणि "उरलेले युनिट विकून पैसे" हे जे सांगितलंय ते ऐकून मला वाईट वाटलं, कारण दर महिन्याला कोणीतरी याच बोलण्यावर मोठी सिस्टीम घेतं. नेट मीटरिंगमध्ये दिवसा उरलेले युनिट तुमच्या खात्यावर जमा होतात आणि रात्री किंवा पुढच्या महिन्यात तुम्ही ते वापरता, इथपर्यंत युनिटला युनिट मिळतं, उत्तम आहे. पण ३१ मार्चला वर्षाचा हिशोब बंद होतो. त्या दिवशी जे शिल्लक असतील ते महावितरण वीज आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेतं आणि तो दर तुम्ही बिलात भरता त्याच्यापेक्षा खूप कमी असतो. ऑक्टोबर ते मार्च ऊन चांगलं आणि घरात पंखा-एसी बंद, त्यामुळे शिल्लक साठते ती नेमकी मार्चला जाते. पावसाळ्याची तूट भरून निघेल एवढी साईज ठेवायची, धंदा करायला म्हणून ठेवायची नाही.

आणखी एक जे कोटेशनवाले सांगत नाहीत. आपलं घरगुती बिल टप्प्यांच्या दरावर चालतं, पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० बरेच महाग, ३०० च्या वर आणखी महाग. सोलर लावल्यावर कमी होतात ते वरचे, महाग युनिट आधी. म्हणून २८० वापरणाऱ्याला २ किलोवॅटनेही बिलात मोठा फरक दिसतो आणि ज्याचा वापर मुळात ७०-८० युनिटच आहे त्याला सोलरचे पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतात. तुमच्या बाबतीत ३ किलोवॅट, सबसिडी वजा जाता लाख-सव्वालाख खर्च, वर्षाला तीसेक हजारांची बचत, म्हणजे चार वर्षांत वसूल असं धरा. बिल मात्र "झिरो" होणार नाही. स्थिर आकार आणि त्याच्या आजूबाजूचं काहीतरी मिळून शे-दोनशे रुपये येतच राहतील, त्याची तयारी ठेवा म्हणजे पहिल्या बिलाला भांडण होणार नाही.

आता गच्ची. तुम्ही लिहिलंय की गच्ची मोकळी आहे, सावली कुठेच पडत नाही. ताई, तुम्ही हे मे महिन्यात बघितलंत. कराडला मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावली दिवस येतो, भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर, तेव्हा टाकीची सावली टाकीखालीच असते आणि प्रत्येकाचीच गच्ची मोकळी दिसते. बघायचं असतं डिसेंबरात. तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला, भर बारालासुद्धा जवळजवळ अर्ध्या आभाळातच, आणि सकाळी साडेनऊच्या सुमाराला सावली वस्तूच्या उंचीच्या पावणेदोनपट लांब पडते. दक्षिणेच्या बाजूला शेजाऱ्याचा जिन्याचा टप (जिन्यावरची गच्चीतली खोली) आहे असं तुम्हीच फोटोत दाखवलंय, तो तुमच्या कठड्यापेक्षा सहा-सात फूट वर दिसतोय, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत सकाळी दहा-बारा फूट आत त्याची सावली येणार. त्या पट्ट्यात पॅनेल नकोत. पॅनेल एकाला एक जोडलेले असतात, एकावर सावली आली की फक्त त्याचंच नाही, पूर्ण ओळीचं उत्पादन मार खातं. उत्तरेला टाकी असेल तर चालते, दक्षिणेला, पूर्वेला, पश्चिमेला नको. नारळाचं झाड आज दहा फूट आहे तेही लक्षात घ्या, पॅनेल पंचवीस वर्षं राहणारेत आणि नारळ तोवर कुठे जाईल बघा. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर उद्या दोन मजले चढले तर काय, हाही विचार आजच करायचा.

जागा किती लागेल तर आत्ताचे ५४०-५५० वॅटचे पॅनेल साडेसात फूट बाय पावणेचार फुटाचे असतात, ३ किलोवॅटला असे सहा. नुसत्या पॅनेलची जागा पावणेदोनशे चौरस फूट होते पण मध्ये हात घालायला, धुवायला, चालायला जागा पाहिजे, म्हणून तीनशे चौरस फूट धरा. तोंड दक्षिणेला, उतार आपल्याकडे पंधरा ते वीस अंश.

उंच स्ट्रक्चर करायचं की बुटकं, हे तुम्ही विचारलं नाहीत पण घरात यावर वाद होणार हे मी आत्ताच सांगतो. बुटकं स्वस्त पडतं, वाऱ्याला कमी सापडतं, पण खालची गच्ची गेली. मग कुरडया-पापडाचं वाळवण कुठे घालायचं, धान्याला ऊन कुठे द्यायचं, कपडे कुठे? आमच्या भागात गच्ची म्हणजे घराची अर्धी कामं. सात-आठ फुटाचं उंच केलं तर खाली सावलीत बसताही येतं, पण स्ट्रक्चरचा खर्च चांगलाच वाढतो आणि वारा खालून उचलतो. माझं मत, गच्ची वापरात असेल तर उंच करा पण मग लोखंडात आणि पायात काटकसर अजिबात करू नका. आणि उंच करताना पॅनेलपर्यंत जायला शिडी किंवा चालायची पट्टी आत्ताच मागून घ्या, नाहीतर धुणार कसे.

लोकांना भीती वाटते वजनाची, की एवढे पॅनेल स्लॅबला झेपतील का. सहा पॅनेलचं वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास, गच्चीवर बारशाला वीस माणसं उभी राहतात त्याच्यापुढे काहीच नाही. खरी भीती वाऱ्याची. इमारतींवर वाऱ्याचा भार मोजायचं जे भारतीय मानक आहे, आयएस ८७५ चा तिसरा भाग, त्यात पुण्यासाठी मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरलाय, मुंबई आणि नागपूरसाठी ४४. म्हणजे ताशी १४० ते १६० किलोमीटर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, त्यानंतर दीड महिना मी रायगडमध्ये दुरुस्तीला होतो. एकाच आळीत एका घराचे पॅनेल जागच्या जागी आणि चार घरं सोडून दुसऱ्याचे माडांच्या बागेत जाऊन पडलेले. फरक कशात होता, तर पाय कशात रोवलेत, क्लॅम्प किती लावलेत आणि नट स्टेनलेसचे आहेत की गंजून सैल झालेले, एवढाच.

म्हणून इन्स्टॉलरला हे विचाराच की पाय कसे बसवणार. स्लॅबला ड्रिल मारून अँकर, की वर काँक्रीटचे ठोकळे. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी एका घरी सरळ स्लॅबला ड्रिल मारून बोल्ट ठोकले, वॉटरप्रूफिंगचा थर फुटला याकडे लक्ष दिलं नाही, आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्यांच्या देवघराच्या छताला ओल आली. पदरचे पैसे घालून सगळं काढलं, वॉटरप्रूफिंग परत केलं, ठोकळ्यांवर परत उभं केलं. त्या आजींनी मला एक शब्द वाईट बोलला नाही, पण ते छत आजही डोळ्यासमोर आहे. तुमचा स्लॅब चौदा वर्षांचा आहे, आत कुठे ओल, भेगा, पोपडे असतील तर आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग उरका आणि मगच सोलर. पॅनेल एकदा उभे राहिले की खालची गच्ची नीट करणं फार जिकिरीचं.

लोखंड हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं, ८० मायक्रॉनचा थर, असं कोटेशनमध्ये लिहून घ्या. जागेवर वेल्डिंग करून वर चंदेरी रंग मारलेलं स्ट्रक्चर पहिल्या वर्षी सारखंच चमकतं, तिसऱ्या वर्षी वेल्डिंगच्या जागी गंज दिसायला लागतो कारण वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा थर तिथे जळून गेलेला असतो. नट-बोल्टने जोडलेलं घ्या.

अर्थिंगवर जरा जास्त लिहितो कारण हे जमिनीखाली जातं आणि कोणी बघत नाही. तीन वेगळे खड्डे पाहिजेत, एक वीज पडली तर त्यासाठीच्या अरेस्टरचा, एक पॅनेल-स्ट्रक्चर म्हणजे डीसी बाजूचा आणि एक इन्व्हर्टरच्या एसी बाजूचा, म्हणजे घरात जाणाऱ्या करंटच्या बाजूचा. अरेस्टरचा खड्डा बाकीच्यांपासून लांब. "घराला अर्थिंग आहे ना, त्यालाच जोडतो" असं कोणी म्हणालं तर काम थांबवा. आपल्याकडे वळवाचा पाऊस विजांसकट येतो, एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी माळावर काय अवस्था असते तुम्हाला माहीत आहे, आणि गच्चीवर तुम्ही लोखंडाचा सांगाडा उभा करताय. खड्डे झाल्यावर त्याला अर्थ टेस्टरने रीडिंग घेऊन दाखवायला सांगा, ५ ओहमच्या आत यायला हवं, आणि मुरमाड जागा असेल तर ते उन्हाळ्यात घ्या, कारण पावसात ओल्या जमिनीत सगळ्यांचंच रीडिंग छान येतं. डीसी आणि एसी दोन्ही पेट्यांमध्ये सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका अडवणारं उपकरण, पाहिजे, नुसता एमसीबी नाही.

केबल डीसीची, सोलरचीच, उन्हाने न फुटणारी, ४ स्क्वेअर एमएम, आणि पाईपातून. स्लॅबवर लोळणारी केबल मला दिसली की मी पुढचं काम बघतच नाही, उंदीर, माकडं, साचलेलं पाणी, सगळं तिच्याच वाट्याला येतं. कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे आणि दाबायचं योग्य हत्यार वापरून बसवलेले. दिसायला सगळे सारखे असतात आणि एकमेकांत बसतातही, पण आतली पकड वेगळी असते, तिथे गरम होतं आणि वितळतं. एका घरी माझ्या पोराने पक्कडीने दाबलेला कनेक्टर दोन वर्षांनी काळा पडलेला निघाला, नशीब की पत्रा नव्हता आणि खाली गवताची गंजी नव्हती. तेव्हापासून प्रत्येक कनेक्टर मी स्वतः ओढून बघतो.

इन्व्हर्टर उन्हात टांगू देऊ नका. जिन्याखाली, पोर्चमध्ये, जिथे सावली आहे, हवा आहे आणि पावसाचे फवारे येत नाहीत. बेडरूमच्या भिंतीला नको, पंख्याचा आवाज येतो.

आता एक गोष्ट जिच्यावरून सगळ्यात जास्त मनस्ताप होतो. साधी ऑनग्रीड सिस्टीम, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेली, बॅटरी नसलेली, लाईट गेली की बंद पडते, बाहेर कडक ऊन असलं तरी. ती बिघडलेली नसते, तसंच करायचं असतं तिने, कारण पोलवर लाईनमन काम करत असतो आणि तुमच्या घरातून लाईनमध्ये करंट गेला तर त्याचा जीव जाईल. तुमच्याकडे रोज दोन-तीन तास लाईट जाते असं लिहिलंय. त्यासाठी बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर मिळतो, पण खर्च बराच वाढतो आणि बॅटरी काही वर्षांनी परत घ्यावी लागते. घरात आधीच इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर दिवे-पंख्यांसाठी ती तशीच राहू द्या आणि सोलर ऑनग्रीडच करा, तुमच्या बजेटला माझा हाच सल्ला. दुसरं, दुपारी बारा ते दोनच्या मध्ये घरातलं व्होल्टेज चार-पाच दिवस मोजून लिहून ठेवा. डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, लाईनच्या टोकाला घर असेल तर व्होल्टेज फार खाली-वर होतं आणि मर्यादेबाहेर गेलं की इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो, ऐन उन्हात. ही तक्रार सोलरवाल्याकडे नाही, महावितरणकडे करावी लागते, आणि ती आधी केलेली बरी.

मग माणूस कसा ओळखायचा. घर न बघता आलेलं कोटेशन मी तरी कोटेशन धरत नाही. ज्याला तुमचा शेजारचा टप माहीत नाही, मीटर ते गच्ची केबल किती फूट लागेल माहीत नाही, अर्थिंगला माती आहे की कातळ माहीत नाही, त्याने आकडा कुठून काढला? सरासरी काढला, आणि तुमचं घर त्या सरासरीहून अवघड निघालं की फरक तो केबलमधून, लोखंडातून, अर्थिंगमधून काढणार. गच्चीवर येणारा माणूस काय करतो ते बघा. टेप काढतो का, मोबाईलवर होकायंत्र लावून दिशा बघतो का, कठड्यावरून वाकून मीटरकडे बघतो का, खालच्या खोलीत येऊन छत बघायला मागतो का. तुमचं बिल मागून बारा महिन्यांचा वापर विचारतो का. जो आल्या आल्या कंपनीचा कॅटलॉग उघडतो त्याच्यापेक्षा हा वेगळा.

त्याचं नाव पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर महावितरणच्या व्हेंडर यादीत आहे का ते तुम्ही स्वतः बघा, नसेल तर सबसिडी नाही. मग त्याला तीन घरांचे पत्ते मागा आणि त्यातलं एक तरी असं पाहिजे ज्यावर तीन पावसाळे गेलेत. नवीन काम सगळ्यांचंच देखणं असतं. तीन वर्षं जुन्या घरी जा, बोल्टचे पेच बघा, केबलचे पाईप फुटलेत का बघा, आणि घरच्या माणसाला एकच विचारा, बंद पडलं होतं का कधी आणि फोन केल्यावर किती दिवसांत कोण आलं. योजनेत व्हेंडरने पाच वर्षं देखभाल करायची असते, कागदावर सगळेच देतात. माणूस तासाभराच्या अंतरावरचा असेल तर ती खरोखर मिळते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या नावाकडून घेतलं तरी चढणारा माणूस शेवटी कराडचाच कोणीतरी असतो, तो कोण, त्याचा नंबर काय, हे आधी विचारा.

कोटेशनमध्ये काय पाहिजे. पॅनेलची कंपनी, मॉडेल, वॅट, संख्या. इन्व्हर्टरची कंपनी, मॉडेल, वॉरंटी किती वर्षं. स्ट्रक्चरची उंची आणि लोखंडाची जाडी. अर्थिंगचे खड्डे किती. केबल किती मीटर धरली आणि जास्त लागली तर दर काय. नेट मीटरचा, महावितरणच्या कागदपत्रांचा खर्च कोणाकडे. जीएसटी धरून की सोडून. जीएसटी बद्दल, २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावर १२ चे ५ टक्के झालेत, पूर्ण कामाच्या बिलात ७० टक्के सामान आणि ३० टक्के सेवा धरतात, त्यामुळे एकूण कर ८.९ टक्के बसतो. कोणी जुन्या १३.८ ने लावला असेल तर विचारा.

आणि एक शब्द कोटेशनवर शोधा, "डीसीआर". म्हणजे सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले. सबसिडी फक्त अशाच पॅनेलवर मिळते. सेल बाहेरून आणून इथे जोडलेले पॅनेल स्वस्त पडतात, तुमचं पहिलं १ लाख ४५ चं कोटेशन त्यामुळेच एवढं खाली आहे का हे बघायला पाहिजे. त्यात पॅनेलची कंपनीसुद्धा लिहिलेली नाही. पॅनेल घरी आले की प्रत्येकाचा सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा आणि डीसीआरचं सर्टिफिकेट त्याच नंबरांचं आहे का पडताळा. वर चढवून झाल्यावर हे नंबर वाचायला परत कोणी जात नाही.

सबसिडी आधी वजा होत नाही, पूर्ण पैसे द्यायचे आणि नेट मीटर बसून सिस्टीम चालू झाली, तपासणी झाली की ती तुमच्या खात्यात येते. पैसे एकदम नसतील तर ३ किलोवॅटपर्यंत सरकारी बँका २ लाखांपर्यंत कर्ज देतात, जनसमर्थ पोर्टलवरून अर्ज होतो, व्याज पर्सनल लोनपेक्षा बरंच कमी. सह्या करताना खात्याचा नंबर तुमचाच टाकलाय ना बघा. इन्स्टॉलरला पैसे टप्प्यांनी, ऑर्डरला थोडे, सामान घरी उतरल्यावर मोठा हप्ता, आणि दहा-पंधरा टक्के नेट मीटर लागून पहिलं रीडिंग दिसेपर्यंत हातात. सगळं बँकेतून, जीएसटीच्या बिलावर. नेट मीटरचं काम रखडतं तेव्हा ते शेवटचे दहा टक्केच इन्स्टॉलरला महावितरणच्या ऑफिसात चकरा मारायला लावतात, हे मी स्वतः इन्स्टॉलर असून सांगतो.

नेट मीटर बसायच्या आधी सिस्टीम चालू करू देऊ नका, "तोवर फुकट वापरा" म्हणतील. जुन्या इलेक्ट्रॉनिक मीटरपैकी बरेच उलटा जाणारा करंटसुद्धा वापर म्हणून मोजतात. एका मास्तरांकडे दुसऱ्याच कोणीतरी असं चालू करून दिलं होतं आणि त्यांना नेहमीच्या दुपटीहून जास्त बिल आलं, ते माझ्याकडे रडकुंडीला येऊन बसले होते.

चालू झाल्यावर इन्व्हर्टरच्या ॲपचं खातं तुमच्या ईमेलवर, तुमच्या पासवर्डने उघडून घ्या. बरेच जण स्वतःच्या नावावर ठेवतात आणि तुम्हाला फक्त बघायला देतात, उद्या तो माणूस धंदा सोडून गेला की तुमच्याच घरचे आकडे तुम्हाला दिसायचे बंद. पहिल्या महिन्यात रोज संध्याकाळी आकडा बघा, स्वच्छ उन्हाच्या दिवशी ३ किलोवॅटला बारा-चौदा युनिट दिसले पाहिजेत.

धुणं पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी लवकर, काच गार असताना, साध्या पाण्याने आणि मऊ वायपरने. तापलेल्या काचेवर गार पाणी नको, साबण नको. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर पांढरे डाग पडतात, त्यापेक्षा नळाचं वापरा. आपल्या भागात गाळप हंगाम सुरू झाला की पाचट जाळल्याची काजळी उडून येते, नोव्हेंबर ते मार्च पॅनेलवर बोट फिरवलं तर काळं होतं, तेव्हा दर आठवड्याला धुवा.

पॅनेलची कंपनी राहिली. टाटा, वारी, अदानी, विक्रम असल्या मोठ्या नावांपैकी जो डीसीआरमध्ये मिळतो आणि ज्याची वॉरंटी त्याच कंपनीच्या कागदावर मिळते, तो घ्या. मोनो पर्क की टॉपकॉन (पॅनेलमधल्या सेलचे हे दोन प्रकार), तर टॉपकॉन कडक उन्हात तापल्यावर थोडा कमी मार खातो, दरात फार फरक नसेल तर तो. यापुढे या विषयात वेळ घालवू नका.

तुमच्या तीन कोटेशनचं माझं उत्तर असं. तिसरं सोडा, ५ किलोवॅटची गरज नाही. पहिल्याला फोन करून सांगा की घरी येऊन गच्ची बघ, पॅनेलचं मॉडेल आणि डीसीआर लिहून दे, मग बोलू, आणि तो आला नाही तर तिथेच संपलं. दुसऱ्याला परत बोलवा, पण दक्षिणेकडचा टप दाखवून विचारा की डिसेंबरात इथे सावली कुठपर्यंत येईल. तो खडू घेऊन गच्चीवर रेघ मारून दाखवत असेल तर १ लाख ८८ मध्ये तीन अर्थिंग आणि ८० मायक्रॉनचं लोखंड लिहून घेऊन त्यालाच काम द्या. बिलावरचं नाव बदलायला बाकी वारसांच्या सहीचा कागद मात्र याच आठवड्यात पाठवून द्या, तो यायला सगळ्यात जास्त वेळ लागणार आहे.